ज्या कामाला फ्लोट नाही, ते आधी

प्रश्न थोडक्यात असा. वय ३७, राहणं डोंबिवली पूर्वेला, नोकरी बीकेसीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसात. सकाळी लोकलने कुर्ला, पुढे शेअर रिक्षा; रात्री घरात पाऊल टाकेपर्यंत आठ वाजतात. मुलगा चौथीत, वाचायचा कंटाळा करतो. सासूबाईंना डायबेटिस. घराच्या कर्जाची अजून तेरा वर्षं बाकी. ऑफिसात टीम लीडरची जागा रिकामी होणार आहे, त्यासाठी दूरशिक्षणातून एमबीए करावं असं मनात आहे. त्यात सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलेलं. "सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि दिवस संपतो तेव्हा एकही काम धड झालेलं नसतं. काका, नेमकं कशावर लक्ष द्यायचं हे ठरवायचं कसं?" आणि पत्र संपता संपता एक ओळ: "सहा-सात महिने झाले, पाळीत फार रक्त जातं, स्टेशनचा जिना चढताना धाप लागते. पण ते काय, चालायचंच."

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. तुमचं पत्र मी घरी हिला वाचून दाखवलं. ती ओळ आली तशी हिने हातातली भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बाकीचं राहू द्या, आधी तिला सीबीसी करायला सांगा." तेच सांगतोय. या आठवड्यात रक्ताची सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी साधी तपासणी, करून घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. मी डॉक्टर नाही, निदान त्यांनी करायचं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. त्यातल्या किती जणींनी "चालायचंच" म्हणून सोडून दिलं असेल! बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. त्यात थकवा येतो, धाप लागते, डोकं एका जागी ठरत नाही. लक्ष कुठे द्यावं असं तुम्ही विचारताय, आणि लक्ष लागायला अंगात जे रक्त लागतं तेच कदाचित कमी पडत असेल.

आता ही ओळ मी सगळ्यात वर का उचलली ते सांगतो. त्यासाठी माझ्या कामाबद्दल बोलावं लागेल.

मी मेकॅनिकलचा माणूस. वडील लालबागला राहायचे, गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा मी व्हीजेटीआयमध्ये डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुढच्या वर्षी पास झालो आणि माहुलच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागलो. तिथे ३९ वर्षं काढली, त्यातली बरीचशी शटडाऊन प्लॅनिंगमध्ये.

शटडाऊन म्हणजे काय? असे प्लांट दिवसरात्र चालू असतात. तीन-चार वर्षांनी एकदा प्लांट पूर्ण थांबवायचा, लाइनी रिकाम्या करायच्या, कॉलम (मनोऱ्यासारखी उंच बंद पात्रं), एक्स्चेंजर, व्हॉल्व्ह उघडून साफ करायचे, तपासायचे, दुरुस्त करून पुन्हा बंद करायचे आणि ठरलेल्या तारखेला प्लांट सुरू करायचा. आम्हाला मिळायचे २५ ते २८ दिवस. यादीत कामं सतराशे-अठराशे. एरवी दिसत नाहीत इतकी कंत्राटी माणसं गेटवर उभी. रोज सकाळी आठला मीटिंग, आणि त्या मीटिंगमध्ये प्रत्येकाचं काम सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्ट्रुमेंटवाले म्हणणार आमचे व्हॉल्व्ह आधी, सिव्हिलवाले म्हणणार आमचं फाउंडेशन आधी. तुमचा रोजचा दिवस असाच जातो, फक्त तिथे हे सगळे आवाज एकट्या तुमच्या डोक्यात असतात.

माझ्या पहिल्या मोठ्या शटडाऊनला मी ज्याचा आवाज मोठा त्याचं काम पुढे ढकलायचो. पेंटिंगचा कंत्राटदार तिथे सर्वांत जोरात बोलायचा. त्याला परांची हवी होती, मी दिली. संध्याकाळी साहेबांनी मला चार्टपुढे उभं केलं आणि एकच विचारलं, "पेंटिंग चार दिवस उशिरा झालं तर प्लांट उशिरा चालू होईल का?" मी म्हटलं, नाही. "आणि ती परांची कॉलममध्ये चार दिवस उशिरा लागली तर?" मी गप्प. साहेब रागावले नाहीत. त्यांनी पेन्सिलने चार्टवरची एक रेघ गडद केली आणि म्हणाले, उद्यापासून आधी या रेघेकडे बघायचं.

त्या रेघेला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही पद्धत १९५७ साली अमेरिकेत तयार झाली. ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती बसवली, आणि सुरुवातीच्या काळातच ती ज्या कामांवर वापरून पाहिली त्यात कारखान्याचा शटडाऊनही होता. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिची पर्ट नावाची बहीण काढली. आज पूल बांधणारे, मेट्रो बांधणारे, सगळे तीच वापरतात.

पद्धत साधी आहे. कॉलम उघडायचा तर आधी वाफ सोडून आतला गॅस काढायचा, मग थंड करायचा, मग लाइनींत ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणाऱ्या लोखंडी चकत्या, मारायचे, मग मॅनहोल उघडायचं, गॅस टेस्ट घ्यायची, आत परांची बांधायची, साफसफाई, तपासणी, ट्रेची दुरुस्ती, आणि मग बंद करायचा. प्रत्येक काम आधीच्या कामासाठी खोळंबलेलं. या साखळीत कुठेही एक दिवस गेला की प्लांट एक दिवस उशिरा चालू होणार. पेंटिंगचं तसं नाही. ते नऊ दिवसांचं काम. तेविसाव्या दिवसापर्यंत संपलं तरी चालतं आणि पाचव्या दिवशी सुरू करता येतं, म्हणजे त्याच्याकडे दहा दिवसांची सैल आहे. या सैलेला आम्ही फ्लोट म्हणतो. कॉलमच्या साखळीचा फ्लोट शून्य. सतराशे कामांत शून्य फ्लोटवाली कामं निघायची चाळीस-पन्नास. बाकीची कामं बिनमहत्त्वाची असतात असं नाही. पेंटिंग झालं नाही तर लोखंड गंजेल. पण त्याला थांबायला जागा आहे, कॉलमला नाही.

म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं हे की, "महत्त्वाचं काय?" हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर नेहमी "सगळंच" असं येतं. मुलगा महत्त्वाचा, सासू महत्त्वाची, नोकरी महत्त्वाची, यात चूक काय आहे? त्याऐवजी प्रत्येक गोष्टीला विचारा: हे तीन महिने थांबलं तर काय बिघडेल, आणि जे बिघडेल ते नंतर भरून काढता येईल का?

व्यवस्थापनाच्या वर्गात आयझेनहॉवरची चौकट शिकवतात. एका बाजूला तातडीचं, दुसऱ्या बाजूला महत्त्वाचं, आणि चार खाने. अमेरिकेचे अध्यक्ष असताना १९५४ साली एका भाषणात त्यांनी एका जुन्या कॉलेज-अध्यक्षाचं म्हणून हे सांगितलं होतं, की माझ्यापुढे दोन तऱ्हेचे प्रश्न येतात, तातडीचे आणि महत्त्वाचे. जे तातडीचे ते महत्त्वाचे नसतात आणि जे महत्त्वाचे ते कधीच तातडीचे नसतात. विचार चांगला आहे, पण तुमच्यासारख्या घर-नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बाईने ती चौकट भरायला घेतली की सगळंच पहिल्या खान्यात जाऊन बसतं. मी शिकाऊ पोरांना ती भरायला लावून बघितली आहे. तीन खाने कोरे आणि एकात रेटारेटी. फ्लोटचा प्रश्न विचारला की यादी आपोआप पांगते, कारण तिथे भावना बाजूला राहते आणि दिवस मोजावे लागतात.

पण फ्लोटबद्दल एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, आणि मला ती फार महागात पडली. फ्लोट कायम राहत नाही, तो खाल्ला जातो. दहा दिवसांची सैल असलेलं काम तुम्ही दहा दिवस बाजूला ठेवलंत की अकराव्या दिवशी तेच क्रिटिकल होतं. आणि तेव्हा त्याची वर्दी द्यायला कोणी येत नाही.

२००३ चा शटडाऊन दसऱ्यानंतर होता. वडील तेव्हा ६७ वर्षांचे, आमच्याकडे मुलुंडला. त्यांना बारा वर्षांपासून डायबेटिस. दसऱ्याला मी त्यांना नव्या चपला घेतल्या होत्या. त्यातली उजवी चावली, अंगठ्याशेजारच्या बोटाला. मी सकाळी सहाला निघायचो, रात्री अकराला यायचो. तिसऱ्या की चौथ्या रात्री मला त्यांच्या मोज्यावर पुढे रुपयाएवढा पिवळट डाग दिसला. विचारलं, तर म्हणाले, "काही नाही रे, दुखत नाही." मी म्हटलं, बरं, एवढा शटडाऊन संपला की दाखवू. ते हो म्हणाले. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, कामाच्या आड येणं त्यांना जमायचंच नाही.

दुखत नव्हतं हे खरं होतं. बरीच वर्षं साखर वाढलेली असली की पायाच्या नसा बधिर होतात. जखम चिघळते आणि माणसाला कळत नाही. मी ज्या गोष्टीवरून निश्चिंत झालो, धोका नेमका तिथेच होता. आमचा शटडाऊन ठरल्यापेक्षा दीड दिवस आधी संपला, साहेबांनी पाठ थोपटली, पेढे वाटले. त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाय दाखवला. आधी दोन बोटं गेली, मग तीन आठवड्यांनी अर्धं पाऊल. ते त्यानंतर सात वर्षं जगले, पण दर रविवारी लालबागच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर जुन्या दोस्तांबरोबर कॅरम खेळायला जायचे, ते कायमचं बंद झालं. मला त्यांनी कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पहिल्या आठवड्यात तासभर काढला असता तर? डॉक्टरांनीच तेव्हा सांगितलं होतं, वेळेवर आला असता तर ड्रेसिंग आणि गोळ्यांवर भागलं असतं. सतराशे कामांचा फ्लोट मला तोंडपाठ होता. त्या मोज्याचा मी मोजला नाही.

तुमची "चालायचंच" ही ओळ वाचली आणि मला तो मोजा दिसला.

आता तुमची बाकीची यादी. त्यात मी सगळीकडे सारखा वेळ घालवणार नाही, कारण बरंचसं सोपं आहे.

कर्ज. हप्ता खात्यातून आपोआप जातो, ते चाललेलं काम आहे, त्याकडे रोज बघायचं नाही. जास्तीचे पैसे भरून लवकर फेडावं का, ही जी घालमेल तुम्ही लिहिली आहे, तिला भरपूर फ्लोट आहे. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे. म्हणजे आज भरले नाहीत म्हणून दार बंद होत नाही. वर्षातून एकदा, बोनस आला की बसून ठरवा. मध्ये विचारही नको.

सोसायटी. त्यातल्या थोड्याच कामांना तारीख असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत झाली पाहिजे, हिशेबांचं ऑडिट झालं पाहिजे, लिफ्टची देखभाल चुकता कामा नये. पार्किंगवरून रात्री साडेअकराला ग्रुपवर होणारी भांडणं यात येत नाहीत. समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि तुमचं पहिलंच वर्ष आहे, म्हणजे हे आणखी चार वर्षं ओढायचं का, याचा निर्णय आत्ताच घ्या. माझं मत विचाराल तर समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी राजीनामा द्या आणि साधी सभासद म्हणून राहा. लोक आठ दिवस बोलतील.

एमबीए. इथे जरा थांबतो, कारण तुम्ही सगळ्यात जास्त याच्याबद्दल लिहिलं आहे. टीम लीडरची जागा येत्या काही महिन्यांत भरणार. एमबीएला दोन वर्षं. म्हणजे या जागेसाठी ते एमबीए वेळेवर पोचणारच नाही. मग त्या जागेच्या साखळीत शून्य फ्लोटचं काम कोणतं? साहेबांकडे जाऊन सरळ विचारणं, की मला ही जागा हवी आहे, तुम्ही त्यात काय बघणार? तुम्ही नऊ वर्षं तिथे आहात आणि हे एकदाही विचारलेलं नाही. जागा भरण्याचं त्यांनी मनात ठरवलं की मग तुमच्या विचारण्याला अर्थ राहत नाही, म्हणून हे पंधरा दिवसांत व्हायला हवं. कदाचित ते म्हणतील, महिनाअखेरचं काम एकटीने सांभाळून दाखव. कदाचित म्हणतील, नव्या मुलांना शिकवून दाखव. जे सांगतील ते तुमचं पुढच्या तीन महिन्यांचं ऑफिसातलं मुख्य काम. एमबीए पुढच्या वर्षीही करता येईल. ते करू नका असं मी म्हणत नाही.

मुलगा. याचा फ्लोट शून्य नाही, पण थोडा आहे आणि भराभर खाल्ला जातोय. पाचवीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणंसुद्धा वाचूनच समजून घ्यायची असतात. ज्याला वाचायचा त्रास होतो तो सगळ्याच विषयांत मागे पडतो, आणि मग आपण एकेका विषयाला वेगळी शिकवणी लावत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. त्याला आणखी क्लास नको. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं त्याच्या शेजारी बसून वाचा, एक पान त्याने, एक पान तुम्ही. पुस्तक त्याने निवडायचं, क्रिकेटचं असो नाहीतर भुताचं. अक्षरं उलटसुलट होतात का, ओळ सुटते का, फळ्यावरचं दिसतं का, हेही त्या वीस मिनिटांत तुमच्या ध्यानात येईल. डोळे तपासून घ्या. आमच्या मुलीला चौथीत चष्मा लागला, तोवर आम्ही तिला आळशी समजत होतो.

सासूबाई. रोज रात्री पाय बघायचे. तळवा, बोटांच्या बेचक्या, टाचा. लालसर जागा, फोड, भेग, काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अनवाणी फिरू द्यायचं नाही. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यायचा, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. पाय बघायला दोन मिनिटं लागतात. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमच्या एवढ्या लांब पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाच आहे, तोही कर्ज दोघांच्या नावावर आहे म्हणून. त्यांच्या आईचे पाय त्यांनी बघावेत. तुम्ही यादी एकटीची म्हणून लिहिली आहे, ती दोघांची आहे. कोणती कामं कुणाकडे, हे या रविवारी कागदावर दोघांनी मिळून लिहा. आमच्या चार्टवर प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव असायचं, कारण दोन नावं लिहिली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

आता वेळ कुठून आणायचा. आमच्याकडे मोठी क्रेन एकच असायची. ती सगळ्यांना हवी असायची आणि तिचं तासातासाचं वेळापत्रक माझ्या केबिनच्या फळ्यावर. नियम असा की आधी शून्य फ्लोटवालं काम, मग उरेल ती वेळ बाकीच्यांना. कधी कधी गॅस टेस्ट लांबायची आणि क्रेन तासभर नुसती उभी. लगेच लोक यायचे, "उभीच आहे ना, आम्हाला द्या, दहा मिनिटांचं काम आहे." मी देत नसे. क्रेन हलवायची म्हणजे पाय उचलायचे, प्लेटा काढायच्या, बूम खाली घ्यायचा, दुसरीकडे जाऊन पुन्हा सगळं मांडायचं. दहा मिनिटांच्या कामापायी चार तास गेले असते.

तुमची क्रेन म्हणजे तुमचं ताजं डोकं. ते दिवसातून दीड-दोन तास मिळतं. कोणते दोन तास, ते तुम्हाला माहीत असेल. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, ऑफिसला पोचल्यानंतरचे पहिले दोन. आज ते दोन तास मेलना उत्तरं देण्यात जातात, म्हणजे क्रेनने विटा उचलण्यासारखं झालं. त्या वेळात साहेबांनी सांगितलेलं मुख्य काम करा आणि मेल साडेअकराला उघडा. पहिले आठ दिवस भीती वाटेल. एखाद्याचं खरंच अडलं तर तो जागेवर येऊन विचारतो.

गाडीतल्या वेळेबद्दल तुम्ही लिहिलंय, की डोंबिवली-कुर्ला प्रवासात ऑनलाइन लेक्चर ऐकावं का. नको. लेडीज डब्यात उभ्याने, एका हातात कडी आणि खांद्यावर कुणाची तरी पर्स, अशा स्थितीत अभ्यास होत नाही, फक्त केल्याचं समाधान मिळतं. बसायला मिळालं तर डोळे मिटा. मैत्रिणींशी बोला. तो वेळ कामाला जुंपू नका.

फोनबद्दल कारखान्यातलंच सांगतो. एखाद्या टाकीत माणूस उतरवायचा असेल तर तिच्याकडे येणाऱ्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. व्हॉल्व्ह पास होतो. वरून बंद दिसतो आणि आतून थोडं थोडं झिरपतं, आणि त्या झिरपण्याने माणसं मेलेली आहेत. म्हणून लाइन खोलून मध्ये लोखंडाची जाड चकती घालतात आणि बोल्ट आवळतात. तो ब्लाइंड. तो मारल्याशिवाय आत उतरायचं परमिट मिळत नाही. फोन सायलेंटवर ठेवणं म्हणजे बंद केलेला व्हॉल्व्ह. टेबलावर उलटा पडलेला असला तरी तो झिरपत राहतो, हात दर पाच मिनिटांनी तिकडे जातो. मुलाबरोबरच्या वीस मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत, कपाटात. ऑफिसातल्या दोन तासांत बॅगेत, बॅग ड्रॉवरमध्ये. घरच्यांना डेस्कचा लँडलाइन नंबर देऊन ठेवा, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही.

आणखी एक, मग थांबतो. शटडाऊनच्या काही महिने आधी आम्ही यादी गोठवायचो. त्यापूर्वी एक मोठी बैठक व्हायची, तिच्यात प्रत्येक कामाला विचारायचं: हे प्लांट चालू असताना करता येईल का? येत असेल तर यादीतून बाहेर. अडीच हजार कामं यायची आणि सतराशे उरायची. त्यानंतर नवीन काम घालायचं तर मोठ्या साहेबांची सही लागायची. तुम्ही तीन महिन्यांसाठी यादी गोठवा. भिशीचा हिशेब, शाळेच्या गॅदरिंगची कमिटी, नणंदेच्या मुलीच्या लग्नातलं आहेराचं काम, जे नवीन येईल त्याला "दिवाळीनंतर" म्हणा. नाही म्हणायला जड जातं, पुढची तारीख सांगायला तेवढं जात नाही. आणि रविवारी रात्री दहा मिनिटं यादी पुन्हा बघा, प्रत्येक ओळीपुढे फ्लोट नव्याने लिहा. गेल्या रविवारी सैल असलेलं काम या रविवारी आवळलेलं असू शकतं.

सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे सुट्टी काढायची गरज नाही. शनिवारी सकाळी चहा पिऊनसुद्धा जाता येईल. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना गेल्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा, किती दिवस चालली आणि दिवसाला किती पॅड लागले, हे लिहून न्या. त्यांना त्याचा उपयोग होतो. नवऱ्याला बरोबर न्या. हिमोग्लोबिनचा आकडा आला की मला कळवा, हीही वाट बघतेय. एमबीएचं त्यानंतर बोलू.